जाणकार माणसाचे पाय

मंगळवारी सकाळी माझी बहीण वारली. त्याच दिवशी दुपारी तिच्या अर्जावरचा परीक्षण अहवाल माझ्या ईमेलवर आला. मी तो शनिवारी उघडला.

अर्ज पेटंटसाठी होता. उरणकडच्या मिठागरांत काम करणाऱ्या बायकांच्या पायांना भेगा पडतात, त्यांत मीठ जातं आणि हंगाम संपेपर्यंत त्या भरून येत नाहीत. त्या पायांसाठी ताईने एक मलम केलं होतं. हे मलम सगळ्यांत आधी तिने केलं, एवढं एका सरकारी कागदावर तिच्या नावाने लिहून मिळावं अशी तिची इच्छा होती. दुसरी कुठली इच्छा तिने माझ्यापाशी कधी बोलून दाखवली नाही. अहवालात म्हटलं होतं की हे मलम या विषयातल्या जाणकार माणसाला सहज सुचण्यासारखं आहे, म्हणून त्याला शोध म्हणता येत नाही. सहा महिन्यांत उत्तर द्यावं.

हा जाणकार माणूस कोण, ते सांगायला हवं. तो कुठेही राहत नाही. कायद्याने तो कल्पिलेला आहे. एखादी गोष्ट खरोखर शोध आहे की उघडच सुचण्यासारखी आहे, हे ठरवायचं झालं की या माणसाला मधे उभं करतात आणि विचारतात, तुला हे सुचलं असतं का? त्याने जगातले सगळे छापील कागद वाचलेले असतात. जपानी, जर्मन, संस्कृत, सगळे. पण त्याच्या डोक्यात स्वतःहून काही येत नाही. तशी त्याला मुभाच नाही. तो दोन कागद शेजारीशेजारी ठेवतो, त्यांवर तिसरा ठेवतो आणि म्हणतो, हे तर दिसतच होतं. त्याला कंटाळा येत नाही, भूक लागत नाही, त्याचा हात भाजत नाही. इतका निरुपयोगी माणूस कायद्याखेरीज दुसऱ्या कोणी जन्माला घातला नसता.

मी त्याला चांगला ओळखतो. वीस-बावीस वर्षं मी त्याचीच चाकरी केली.

मुंबईतल्या एका पेटंट वकिलाच्या कचेरीत मी जुने कागद शोधायचं काम करायचो. आधी मांडव्याहून लाँचने जाऊन, नंतर अलिबागला घरी बसून. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला, वाचनाची आवड असलेला आणि माणसांत फारसा न रमणारा, असा माणूस त्या कामाला लागतो. कोणी क्रीमचं पेटंट मागितलं की त्याचा प्रतिस्पर्धी आमच्याकडे यायचा, आणि ते क्रीम कसं उघडच सुचण्यासारखं आहे हे दाखवणारे कागद मी काढून द्यायचो. एकात हळद असायची, दुसऱ्यात कोरफड, आणि अर्जदाराने दोन्ही एकत्र केलेली असायची. दुपारच्या चहाआधी त्याचा निकाल लागायचा. त्यांतले बहुतेक अर्ज त्याच लायकीचे होते. चंदनाच्या क्रीममध्ये चिमूटभर केशर टाकून मानवजातीचं कल्याण केल्याचा आव आणणारी माणसं मी शेकड्याने वाचली. आमचे साहेब म्हणायचे, "तुमच्या हातून काही सुटत नाही हो." मला ते आवडायचं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. उरणजवळच्या एका गावात तिने जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, तिथेच दोन खोल्यांचं घर बांधलं आणि निवृत्त झाल्यावर तिथेच राहिली. लग्न केलं नाही. महिन्यातून एका रविवारी मी रेवसहून करंज्याला लाँचने जायचो आणि संध्याकाळच्या लाँचने परत यायचो. अशाच एका रविवारी तिने लोणच्याची एक जुनी बरणी माझ्यापुढे ठेवली.

"बघ. काय आहे?"

मी झाकण काढून वास घेतला, बोटावर घेऊन चोळलं. पांढरं, मऊ, लोण्यासारखं.

"कोकमतेल. मेण. थोडं तिळाचं तेल. आत पाणी आहे."

"कुठलं पाणी?"

ते मला सांगता आलं नाही. तिने सांगितलं. मिठागरात मीठ काढून घेतल्यावर वाफ्याच्या तळाशी जे पाणी उरतं, ते. बोट लावून चाटलं तर तोंड वाकडं होईल इतकं कडू. ते पाटाने बाहेर सोडून देतात. त्या पाण्यात उभं राहिल्यानेच पाय सर्वांत जास्त फाटतात, असं मिठागरातलं कोणीही सांगेल.

मी पाच मिनिटंसुद्धा घेतली नाहीत. चहाचा कप खाली ठेवून बोटांवर मोजलं. तूप पाण्याने शंभर वेळा धुऊन त्याचं मलम करतात, हे आयुर्वेदात आहेच. कोकमतेलाची क्रीमं बाजारात आहेत. आणि कडू पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. तेलात पाणी धरून ठेवायला ते क्रीममध्ये घालतात, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल.

"झालं?" ताई म्हणाली.

"झालं. जाणकार माणसाला हे सहज सुचलं असतं."

"हा कोण आणि?"

मी तिला समजावून सांगितलं. ऐकताऐकता ती हसायला लागली.

"म्हणजे त्याला सगळं ठाऊक, आणि सुचत मात्र काही नाही?"

"साधारण तसंच."

"आणि इतकी वर्षं तो कुठे होता? ही मिठागरं काय काल झालीत? इकडे तर कधी दिसला नाही. त्याला पाय असतात का रे?"

"कायद्यात तसं काही लिहिलेलं नाही."

"मग नसणार. पाय असते तर त्याला माझ्याआधी सुचलं असतं."

त्या दिवसापासून मी जाणकार झालो. फोनवर "काय जाणकार, जेवलात का?" लाँच चुकली की "जाणकारांना वेळापत्रक सहज सुचलं नाही वाटतं." मी हसायचो. ती माझी थट्टा करते आहे असं मला वाटायचं. ती माझं वर्णन करत होती.

तिला ते सुचलं कसं, हे तिने जेवताना सांगितलं. शेजारी एक काकी राहतात. मिठागरात काम करूनच त्यांचं वय झालं. कामाला जाताना त्या कोकमतेलाचा एक गोळा कमरेला बांधून नेत. हे तेल थंड झालं की दगडासारखं घट्ट होतं. ते मुठीने वळून ठेवतात, त्यामुळे गोळ्यावर बोटांचे ठसे असतात. मधल्या सुट्टीत भेगांवर तो गोळा घासायचा. तासाभरात खाऱ्या पाण्याने सगळं सुटून जायचं आणि पाय होते तसे व्हायचे. एकदा तो गोळा कडू पाण्याच्या पाटात पडला. आठ-दहा दिवसांनी सापडला तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली मळून तो पांढरा आणि मऊ झाला होता. काकींनी तो टाकला नाही. एका टाचेला लावून पाहिला, दुसऱ्या टाचेला लावला नाही, आणि संध्याकाळी ताईच्या दारात येऊन दोन्ही पाय दाखवले.

"मास्तरीणबाय, ह्यो पाय बग आनि ह्यो बग. ह्यो कोनाचा पाय हाय?"

एका टाचेवर तेल अजून होतं.

त्यानंतर ताई दोन हंगाम ते मलम करत होती. पाटातून कडू पाणी आणायचं, परातीत मळायचं, काकींच्या आणि आणखी चार-पाच जणींच्या पायांना लावायचं, वहीत लिहायचं. गावात सगळे विचारत, बाई निवृत्त होऊन हे काय करतात? ती सांगायची, अभ्यास.

मग एक बंगलेवाला आला. अलिबागजवळ त्याचं दुसरं घर आहे आणि मुंबईत सौंदर्यप्रसाधनांचा धंदा. बचत गटांच्या एका प्रदर्शनात ताई आणि काकी मलमाच्या बरण्या घेऊन बसल्या होत्या. मीही तिथे होतो. त्याने बरणी उघडली, मनगटावर लावलं, बायकोच्या मनगटावर लावलं.

"मॅडम, प्रॉडक्ट एकदम सिंपल आहे हां. पण स्टोरी काय भारी आहे! सॉल्ट पॅन, बायका, नॅचरल. थोडा लॅव्हेंडर टाकू, छोटी बरणी करू."

"आमच्या बायकांना परवडेल का ती?" ताईने विचारलं.

"अरे, त्यांना कशाला पाहिजे? त्यांच्याकडे तर फ्रीमध्ये आहे ना."

काकींना हे सगळं कळलं नाही, पण तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "त्याच्या पायात बूट व्हते. त्याला कशाला पायजे मलम?"

घरी पोचल्यावर ताई म्हणाली, "उद्या तो म्हणेल त्यानेच केलं. आणि बायका आपलंच पाणी त्याच्याकडून बरणीत विकत घेतील. माझ्या नावाने अर्ज कर. तू कर. बाहेरच्या वकिलाला देऊ नकोस."

मी केला. इथून पुढची सगळी कामगिरी माझी आहे.

तिने मला वही दिली होती. दोनशे पानी, रुळलेली, पहिल्या पानावर शाळेत लिहायची तशा सुबक अक्षरात 'मलम'. आत क्रमांक घालून एकेक प्रयत्न. "३. वाळूसारखं रवाळ झालं. फेकलं." "५. काकींच्या पायाची आग झाली. माफी मागितली. पाणी फार तीव्र." "९. गोडं पाणी घेऊन पुन्हा. तिसऱ्या दिवशी पाणी सुटलं, वास आला." "११. साध्या मिठाचं पाणी. तेच." "१४. कडू पाणी थंडीत आठवडाभर ठेवलं, तळाशी खडे बसले, वरचं घेतलं. आग नाही. तेलही धरतं." आणि सोळाव्यापुढे, खाली रेघ मारून: "पाणी घालायची वेळ: परातीच्या बुडाला गाल लावून पाहावा. गालाला ऊन लागू नये आणि गारही लागू नये. तेव्हाच घालावं, आणि तळव्याने मळावं. ढवळू नये."

हे वाचून मला शरम वाटली. गाल! मी आयुष्यभर चांगले लिहिलेले कागद वाचत आलो होतो. माझ्या बहिणीचा अर्ज परातीला गाल लावून उभा राहावा, हे मला चालणार नव्हतं. मी तिचं सगळं नीटनेटकं केलं. पाटात पडलेला गोळा काढला. योगायोग शास्त्रीय लेखनात शोभत नाही. फसलेले प्रयत्न काढले. अपयश कोण छापतं? गालाच्या जागी तापमान लिहिलं, तेही तीस ते पन्नास अंश असं ऐसपैस, कारण हक्काची व्याप्ती जितकी रुंद तितकी बरी असं मी साहेबांना म्हणताना ऐकलं होतं. तळव्याने मळण्याच्या जागी 'समांग मिश्रण होईपर्यंत ढवळावे'. सुरुवातीला पूर्वपीठिका म्हणून जुन्या ज्ञानाचा आढावा घेतला, धुतलेलं तूप, कोकमतेल, मॅग्नेशियम, काही सोडलं नाही. माझा अभ्यास दिसायला हवा होता. आणि त्या आढाव्याच्या शेवटी एक वाक्य लिहिलं, ज्यावर मी त्या दिवशी खूष होतो. अर्ज इंग्रजीत होता, मराठीत ते असं होईल: 'वरील ज्ञानाच्या आधारे साहजिकच गोड्या पाण्याऐवजी मिठागरातील अवशिष्ट जल घेण्यात आले.'

साहजिकच. दोन हंगाम, सोळा प्रयत्न, एका म्हाताऱ्या बाईचे भाजलेले पाय, आणि मी लिहिलं साहजिकच.

ताईने सही करायच्या आधी सगळं वाचलं. तिचं इंग्रजी चांगलं होतं. चष्मा काढून ती म्हणाली, "छान लिहिलंयस. ह्यात मी कुठे आहे?"

"पेटंटच्या अर्जात माणूस नसतो ताई. शोध असतो."

"बरं," ती म्हणाली आणि तिने सही केली. जाणकारावर तिचा विश्वास होता.

पुढे अर्ज रीतीप्रमाणे प्रसिद्ध झाला, परीक्षणाच्या रांगेत लागला, आणि रांगेत असतानाच तिला आजार कळला. शेवटच्या महिन्यात मी तिच्या घरी होतो. "आलं का काही?" हे ती दर दोन दिवसांनी विचारायची. मी म्हणायचो, येईल. त्यावर ती म्हणायची, "तुझ्या माणसाला पाय नाहीत ना, वेळ लागणारच."

जलदान विधीला गावचे आणि नात्यातले बरेच लोक आले. वंदना झाली, दोघांनी आदरांजलीची भाषणं केली. त्यात मलमाचाही उल्लेख झाला. जेवणाच्या पंगतीत आमच्या नात्यातले एक गृहस्थ, जिल्हा कोर्टात कारकून होते, मोठ्याने म्हणाले, "मलमाचं कसलं पेटंट? कोकमतेल तर आमच्या घरी सगळे लावायचे. त्यात काय एवढं?"

"त्यात काय!" दुसऱ्या कोणीतरी मान डोलावली.

या दोन शब्दांचा मला तेव्हा संताप आला. ज्यांनी जन्मात कोणाच्या टाचेकडे वाकून पाहिलं नव्हतं, ज्यांनी कधी सांडशीचा ढिला खिळाही ठोकला नव्हता, ते वरणाचा भुरका मारून 'त्यात काय' म्हणत होते. मग माझ्या लक्षात आलं की मी वीस-बावीस वर्षं पगार घेऊन हेच म्हणत आलो. त्यांनी फुकट म्हटलं, एवढाच फरक. कचेरीसाठी लिहिलेला माझा प्रत्येक चार पानी अहवाल त्यांच्या दोन शब्दांत मावत होता.

शनिवारी उघडलेल्या त्या अहवालात चुकीचं काही नव्हतं. मीच तो लिहावा, असा तो होता. तेच तीन कागद, त्याच क्रमाने, चहाचा कप खाली ठेवून मी बोटांवर मोजले होते तसे. आणि शेवटी: 'अर्जदाराने स्वतःच नमूद केल्याप्रमाणे हा बदल साहजिक आहे.' परीक्षकाने माझंच वाक्य अवतरणचिन्हांत घातलं होतं.

वारस म्हणून उत्तर मलाच द्यायचं होतं. मी ताईच्या घरी जाऊन राहिलो, वही घेतली नाही, फक्त अर्ज घेतला. जाणकार माणसाला हे सहज जमतं की नाही ते बघायचं होतं, आणि जाणकार घरातच होता. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या कृतीप्रमाणे मी मलम करायला बसलो. थर्मामीटर लावून, तीस ते पन्नास अंशांच्या मधे. पहिलं रवाळ झालं. दुसऱ्याचं पाणी सुटलं. तिसरं दिसायला बरं होतं, दुसऱ्या दिवशी खाली पाणी आणि वर दगड. सात वेळा केलं. दरम्यान काकी रोज दुपारी उंबऱ्यावर येऊन बसत आणि बघत. सातव्या वेळी त्यांना राहवलं नाही.

"भाव, ह्या काय कालवतोस रं? सिमिट?"

"अर्जात लिहिलंय तसं करतोय काकी."

"कोनी लिवलाय?"

"मी."

"मंग तसाच व्हनार." त्या उठल्या, परात माझ्याकडून ओढून घेतली, सगळं परत वितळवलं, आणि थोड्या वेळाने परात दोन्ही हातांनी उचलून तिच्या बुडाला गाल लावला. डोळे मिटले. "अजून न्हाय." पुन्हा ठेवली. पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "आता घाल. बायचा चमचा घे, त्यो नको. सावकास." मी चमच्याने कडू पाणी घालत होतो आणि त्या तळव्याने मळत होत्या. पंधरा-वीस मिनिटांत परातीत ते पांढरं लोणी आलं. त्यांनी हात पुसला नाही, खाली वाकून टाचांना लावला.

"मना पन लगेच न्हाय आला," त्या म्हणाल्या. "बायनी शिकवला. पयले चार येला मी पन दगडच केला."

मग मी उत्तर लिहिलं. या वेळी नीटनेटकं केलं नाही. पाटात पडलेला गोळा, सोळा प्रयत्न, गोड्या पाण्याने आणि साध्या मिठाने काय झालं ते, भाजलेले पाय, सगळं. वहीची प्रत जोडली, काकींचं प्रतिज्ञापत्र जोडलं, अंगठ्यासह. साहेबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "हे मुळात अर्जात का नाही घातलंत? फसलेले प्रयोग म्हणजे अशा केसमध्ये सोनं असतं. तुम्हाला मी काय सांगायचं!" मी म्हटलं, खरं आहे.

सुनावणी व्हिडिओवर झाली. अलिबागच्या घरी टेबलाशी मी बसलो, समोर पडद्यावर अधिकारी. सभ्य होते, त्यांनी फाईल नीट वाचली होती. आधी त्यांनी ताईबद्दल दुःख व्यक्त केलं. मग कामाला लागले.

"हे प्रयोग चांगले आहेत. पण मूळ अर्जात यांतलं काही नाही. आता तुम्ही आत काही नवं घालू शकत नाही, हे तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे. मी हे फक्त पुरावा म्हणून देतोय. जाणकार माणसाला हे सहज सुचलं नसतं, एवढंच."

"तुमच्या अर्जात तर तुम्ही साहजिकच म्हणता."

"ती चूक माझी आहे. सर, मी स्वतः रसायनशास्त्राचा आहे, याच क्षेत्रात काम केलंय. आणि सगळी कृती माझ्यासमोर लिहिलेली असतानाही मला हे मलम सात वेळा जमलं नाही. नुसतं सुचणं तर दूरच."

त्यांनी अर्जाचं एक पान मागे उलटलं. मग अगदी मृदूपणे म्हणाले, "कृती समोर असतानाही जमलं नाही?"

"नाही."

"म्हणजे अर्जात दिलेलं वर्णन वाचून जाणकार माणसाला ही वस्तू करता येत नाही, असं तुम्ही म्हणताय. मग तो अपुऱ्या वर्णनाचा वेगळा आक्षेप होईल. तो नोंदवू का?"

मला उत्तर माहीत होतं. सहज जमतं म्हटलं तर शोध नाही. जमत नाही म्हटलं तर वर्णन नाही. माझ्या रुंद अंशांत आणि माझ्या समांग मिश्रणात दोन्हीकडची दारं बंद झाली होती, आणि कड्या मी लावल्या होत्या. साहेबांच्या कचेरीत मी कित्येकांना याच खोलीत आणून सोडलं होतं. आतून ती कशी दिसते ते पहिल्यांदा पाहत होतो.

"नका नोंदवू," मी म्हणालो.

"आणखी काही सांगायचंय?"

"गाल," असं माझ्या तोंडून गेलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही, सर. धन्यवाद."

अर्ज नामंजूर झाला. आदेशात शब्द होते तेच: जाणकार माणसाला सहज सुचण्यासारखं. तो आदेश घेऊन मी करंज्याला उतरलो आणि काकींना सांगितलं की ताईचं नाव लागलं नाही. त्या मेथीची जुडी निवडत होत्या. "कोन बोल्ला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कायद्याने एक माणूस असतो, त्याला सगळं माहीत असतं. "तो आलता का मिठागरावर?" "नाही." त्यांनी देठ बाजूला टाकले आणि पुढची काडी घेतली.

जे उघडच सुचण्यासारखं, ते कोणीही करावं. बंगलेवाल्याने तेच केलं. अर्ज प्रसिद्ध झालेलाच होता, त्यात कृती होती. काही महिन्यांनी त्याचा फोन आला. आवाजात गोडवा होता.

"भाऊसाहेब, तुमच्या सिस्टरचं ऐकलं, व्हेरी सॅड. एक विचारायचं होतं. आमचे केमिस्ट लोक तो फॉर्म्युला ट्राय करतायत. बॅच सेट होत नाही हो. पाणी सुटतं. काही नोट्स वगैरे आहेत का त्यांच्या? वही वगैरे?"

"केमिस्ट किती आहेत तुमच्याकडे?"

"तीन. सगळे पीएच.डी."

"मग त्यांना सहज सुचायला हवं," मी म्हटलं. "तसा सरकारी आदेश आहे. हवा तर त्याची प्रत पाठवतो."

तो हसला. त्याला विनोद वाटला. वहीची प्रत फाईलमध्ये लागलेली आहे, हे त्याच्या तीन पीएच.डी.वाल्यांना अजून सुचलेलं नाही. किंवा सुचलं असेल, त्यांनी ती मागवलीही असेल, आणि गालाचं वाक्य वाचून, मला वाटली होती तशीच शरम वाटून पान उलटलं असेल. तसं करणारा माणूस मला माहीत आहे.

साहेबांचं काम मी सोडलं. त्यात मोठेपणा नाही. एका अर्जावर तिसरा कागद ठेवताना हात चालेना, आणि हात न चालणारा शोधक कोणी ठेवत नाही. महिन्यातल्या त्या रविवारी मी अजून करंज्याला जातो. काकी आणि आणखी नऊ जणी ताईच्या पडवीत मलम करतात, हंगामात लावतात, उरलेलं बाजारात नेतात. बरणीवर कोणाचंच नाव नाही. मी पाणी गाळून देतो. परात उचलून गाल लावायचं मला अजून जमलेलं नाही. 'आता घाला' असं मी सांगितलं की ते बहुतेकदा फसतं.

ताईची वही माझ्याकडे आहे. लोणच्याच्या बरणीत तिच्या हातचं दोन बोटं मलम उरलं आहे. काकींना ते करता येतं. मला येत नाही.